उजळमाथ्याचं अर्थिंग

या व्यवहारात कुमुद टिपणीस यांना मिळणार होतं ते असं. नवऱ्याचा श्वास, हे सगळ्यांत वर. रोज सकाळी खिडक्या खरवडण्याच्या पाळीतून सुटका. अंथरुणात, पोह्यांत आणि दाढेखाली करकरणाऱ्या राखाडी भुकटीपासून मुक्ती. शिवाय समोरच्या दामलेबाई येता-जाता, "तुमच्याकडे जरा जास्तच असते नाही धूळ?" असं गोड आवाजात विचारायच्या, त्यांचं तोंड बंद. एवढं सगळं जमेला, आणि जाणार काय, तर काहीच नाही. कुमुदताईंचं घोडं नेमकं तिथेच अडलं. वांगं दाबून पाहिल्याशिवाय कधी न घेतलेली बाई ती. फुकट म्हटलं की त्यांच्या भुवया वर जात.

उजळमाथा ही वसाहत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका उंच कड्यावर होती. सूर्य तिथे जवळजवळ मावळतच नाही, क्षितिजाच्या कडेकडेने फिरत राहतो. म्हणून वीज भरपूर आणि म्हणून वस्ती. एका मोठ्या पारदर्शक घुमटाखाली शंभरेक कुटुंबं राहत. माणसं पृथ्वीवरून काय काय मागे टाकून आली, पण सहकारी गृहनिर्माण संस्था मात्र बरोबर घेऊन आली. चेअरमन होते, सेक्रेटरी होत्या, वार्षिक सभा होती आणि सभेला माणसं चर्चेपेक्षा वेफर्ससाठी जास्त येत. सेक्रेटरी कुमुदताई. त्यांनी एखादी गोष्ट तपासली म्हटल्यावर पुन्हा तपासायची गरज नाही, अशी त्यांची ख्याती होती.

कड्याच्या पोटाशी, खोल विवरात, जिथे सूर्याचा किरण कधी पोचलाच नाही तिथे दुसरा, लहान घुमट होता. त्याचं नाव सावळतळ. तिथली माणसं काळोखातला बर्फ कापत आणि दोरावरच्या पाळण्यातून वर पाठवत. उजळमाथ्याचं पाणी त्यातलं, श्वासाची हवासुद्धा त्यातलीच. ही माणसं कंत्राटदाराची, सोसायटीची सभासद नव्हेत. त्यामुळे त्यांना मत नव्हतं, आणि वेफर्सही नव्हते. कुमुदताईंचा धाकटा भाऊ सदानंद तिथे तारतंत्री, म्हणजे वायरमन, होता. आईच्या माघारी कुमुदताईंनीच त्याला वाढवलेलं.

आणि धूळ सगळीकडे होती. चंद्रावर ना वारा, ना पाऊस. त्यामुळे तिथल्या कणांची टोकं झिजत नाहीत. एकेक कण म्हणजे फुटकी काच. बाहेर जाऊन आलेल्या माणसाच्या पोशाखाला चिकटून ती आत येते आणि छातीत जाऊन बसते. डॉक्टरांनी त्या दुखण्याला चांद्रदमा असं सुबक नाव दिलं होतं. नावाने मनोहरपंतांना, म्हणजे कुमुदताईंच्या यजमानांना, काही फरक पडला नव्हता. पंत गायचे. दर गुरुवारी त्यांच्याकडे भजन असे आणि खालून सावळतळाची मंडळी त्यासाठी वर येत. पखवाजाला भिवाजी गुरव. अलीकडे पंतांचा श्वास ताना अर्ध्यावर टाकून द्यायचा. अशा वेळी भिवाजी थाप अशी काही वाढवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, गायकाने जागा मुद्दाम पखवाजाला दिली. डॉक्टर म्हणाले होते, धूळ अशीच राहिली तर वर्ष, दीड वर्ष.

असं असताना डॉक्टर ईशान पोंक्षे योजना घेऊन आले. वयाने तिशीचे, पदार्थविज्ञानात नाव कमावलेले, आणि सेक्रेटरीबाई पटल्या की सभा पटली, हे ओळखण्याइतके हुशार.

"काकू, गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापलाय कधी?"

"कापायचे हे. झाडायला मी."

"झाडताना ते दाणे काय करतात?"

"चिकटतात मेले! या हाताचे झटकावेत तर त्या हाताला."

"मग निम्मं तुम्हाला माहीतच आहे." पोंक्षे खुर्ची पुढे ओढून बसले. "प्रत्येक वस्तूत दोन जातींचा विद्युतप्रभार असतो, धन आणि ऋण. दोन्ही सारखे असतात तोवर वस्तू मुकाट बसते. पण ऋण प्रभाराचे कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, हे जरा उठवळ. घासलं, खरडलं की या वस्तूवरून त्या वस्तूवर जातात. ज्याला जास्तीचे मिळाले तो ऋण, ज्याचे गेले तो धन. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, वेगळे एकमेकांना ओढतात. थर्माकोल तुमच्या हाताला चिकटतो तो या ओढीने."

"इथे कोण घासतंय?"

"सूर्य. पृथ्वीवर हवा मध्ये असते. इथे त्याचं कडक, अतिनील ऊन थेट धुळीवर पडतं आणि कणाकणातून इलेक्ट्रॉन उडवून लावतं. म्हणून इथली उन्हातली सगळी धूळ धन. कण एकमेकांना ढकलतात, जमिनीवरून उसळतात आणि मिळेल त्याला चिकटतात. आपण करायचं एवढंच, की घुमटाचं बाहेरचं कातडंही धन करून टाकायचं."

"म्हणजे धन धनाला ढकलणार."

"बरोबर! धूळ काचेला शिवणारच नाही. बाहेर जाणाऱ्यांचे पोशाखही तसेच प्रभारित करायचे. आत आपल्याला काही जाणवणार नाही. प्रभार बाहेरच्या कातडीवरच राहतो, आत त्याचा मागमूस नसतो."

कुमुदताईंनी मान डोलावली. मग चहाचा कप बशीत ठेवत विचारलं, "धन करायचं म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे, असंच ना?"

"हो. त्यासाठी उपसायंत्र. विहिरीतून पाणी उपसावं तसे घुमटावरून इलेक्ट्रॉन उपसायचे."

"आणि टाकायचे कुठे?"

 हा प्रश्न पोंक्ष्यांना तिघा शास्त्रज्ञांच्या समितीने विचारला नव्हता.

"प्रभार नवा तयार होत नाही की नष्ट होत नाही," ते सावकाश म्हणाले. "एका अंगावरून उचलायचा आणि दुसऱ्या अंगावर ठेवायचा, एवढंच माणसाच्या हातात आहे."

"मग आकाशात फेका."

"परत येतील. आपण धन झालेलो असणार. ओढणारे आपणच की."

"जमिनीत?"

"इथली माती ठणठणीत कोरडी आहे, काकू. ती काही वाहून नेत नाही. पायाखाली ढीग साचेल आणि एक दिवस ठिणगी पडेल. मोठी, धातूची, वेगळी वस्तू हवी. आणि सावलीतली. उन्हात ठेवली तर सूर्य तिचे इलेक्ट्रॉन उडवून देईल. सावलीत ते टिकून राहतात."

 या वर्णनाची एकच वस्तू त्या परिसरात होती.

"सावळतळ ऋण होणार," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि आपण ढकललेली धूळ कड्यावरून खाली घरंगळणार, आणि तिला खाली ओढ लागणार."

"ओढीचा जोर अंतरावर असतो. अंतर निम्मं केलं तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. तळ आपल्याला फारच जवळ आहे, हे खरं."

"लांब असता तर?"

"तर तार लांब लागली असती," पोंक्षे म्हणाले, आणि मग आपणच ओशाळले. "काकू, मी लपवणार नव्हतो. पण सभेत हे असं सांगितलं तर काहींना उगाच वाईट वाटेल."

"वाईट वाटेल आणि तरी हात वर करतील. मग आठवडाभर माझ्याशी फटकून वागतील, मी वाईट वाटायला लावलं म्हणून." माणसांच्या बाबतीत कुमुदताईंचं गणित सहसा चुकत नसे. "माझा भाऊ आहे तिथे."

"सभासदाच्या नात्यातल्या एकाला वर घेण्याची तरतूद आहे. देखभालीला तारतंत्री लागेलच. मी शिफारस करीन."

आतल्या खोलीत पंत खोकत होते. सुरुवात होऊन बराच वेळ झाला तरी तो खोकला संपत नव्हता. कुमुदताईंनी तो संपेपर्यंत वाट पाहिली.

"एकच जागा?"

"एकच."

"लिहून द्या," कुमुदताई म्हणाल्या.

सभेत योजनेचं कौतुक झालं. प्रश्न एकच आला, तोही दामल्यांकडून. "अर्थिंग व्यवस्थित आहे ना? नाशिकला आमच्या बंगल्यात एकदा फ्रिजला शॉक येत होता. अर्थिंग केलं, संपलं."

सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. ही सगळी पृथ्वीवर वाढलेली माणसं. तीन पिनांतली जाडी पिन त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. तिच्यातून नको तो प्रभार जमिनीत जातो आणि प्रश्न मिटतो. तिथली जमीन ओली, अवाढव्य, कितीही ओता, तिला कळतसुद्धा नाही. नको ते कुठेतरी जातं आणि तिथे कोणी राहत नसतं, ही खात्री पृथ्वीवरून ते सामानाबरोबर घेऊन आले होते. पायाखाली आता वेगळी जमीन आहे, हे त्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

"अर्थिंग आहे ना, टिपणीसबाई?"

"हो," कुमुदताई म्हणाल्या.

पोंक्षे आपल्या बुटांकडे पाहत होते. ठराव एकमताने झाला.

तार कड्यावरून खाली सोडली गेली. सावळतळाच्या सांगाड्याला ती जोडायचं काम अर्थातच सदानंदाकडे आलं. वरच्या सोसायटीच्या अर्थिंगची तार, एवढंच कामाच्या आदेशात होतं. त्याने ती नीट घासून, पुसून, पकडीत घालून, पान्याने करकचून आवळली. ताईच्या सोसायटीचं काम. ढिलं राहायला नको.

उपसायंत्र सुरू झालं त्या दिवशी उजळमाथ्यावरची माणसं काचेखाली माना वर करून उभी होती. काचेवरची राखाडी साय आधी थरथरली, मग पदर ओढल्यासारखी एका बाजूने सरकत गेली. पलीकडे निळी पृथ्वी दिसली. कित्येकांनी ती इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती. दामलेबाई रडल्या. चेअरमननी पेढे वाटले.

चारेक महिन्यांत पंतांची छाती वाजायची थांबली. एके दिवशी न्हाताना त्यांनी तान घेतली, ती न तुटता खाली उतरली, आणि स्नानघराच्या दाराशी टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या कुमुदताईंनी दार वाजवायला उचललेला हात खाली घेतला.

गुरुवारचं भजन मात्र बंद झालं. कारण शास्त्रीय होतं. खालचा माणूस ऋण, वरचा घुमट धन. दोघं तसेच भेटले तर ठिणगी. म्हणून दाराच्या कोठडीत आधी 'मेळणी' करावी लागे. मेळणी म्हणजे एक खास दोरी, जिच्यातून प्रभार झिरपत, सावकाश जातो. एक टोक येणाऱ्याने धरायचं, दुसरं घुमटाच्या माणसाने, आणि दोघांचा प्रभार सारखा होईपर्यंत उभं राहायचं. प्रत्येक मेळणीला घुमटाचा प्रभार जरासा उतरे आणि काचेवर तेवढ्यापुरते ठिपके पडत. दहा-बारा जण वर आले की ठिपके बरेच होत. तक्रारी आल्या. खालच्या मंडळींचं येणं तूर्त स्थगित, अशी सूचना फलकावर लागली. खाली सही सेक्रेटरींची.

"भिवाजी दिसला नाही हल्ली," पंत म्हणत.

"कामं असतात त्यांना," कुमुदताई म्हणत.

मग एका दुपारी उपसायंत्राचा भोंगा वाजला. आदल्या दिवशीही तो बराच वेळ वाजून, कारण सापडायच्या आधीच थांबला होता. यंत्र चालू होतं, पण इलेक्ट्रॉन पुढे जायला वाट मिळत नव्हती. तार खालच्या टोकाला सुटली होती. पोंक्षे टिपणिसांच्या घरी धावत आले तोवर कुमुदताईंच्या फोनवर सदानंद होता.

"ताई, तार मी सोडलीय."

"का रे?"

"आमच्या सांगाड्यावर धूळ उभी राहायला लागली होती. पडलेली नाही, उभी. मांजराच्या पाठीवर केस उभे राहतात तशी. तारेपाशी सगळ्यांत दाट. बाहेर पडलं की पोशाखावर हा थर बसतो, झाडून निघत नाही, सगळा आत येतो. आम्हाला वाटलं, खाण जुनी झाली, आतून भुकटी निघतेय. काल मी तार सोडून पाहिली. एक पाळी गेली, दुसरी गेली. उभी होती ती धूळ हळूहळू गळाली. नवी आली नाही. परत जोडली, परत उभी. आता पुन्हा सोडलीय. पाना हातात आहे."

कुमुदताईंनी पोंक्ष्यांना हातानेच थांबवलं.

"हे अर्थिंग नाही ना, ताई?"

"नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

फोनमधून खोकला ऐकू आला. तो सदानंदाचा नव्हता.

"भिवाजी आहे का रे तो?"

"हं. पंधरा दिवस झाले, आडवाच आहे. आणखी तिघांना सुरू झालंय." सदानंदाचा आवाज चढला. "लहानपणी तू मला एक लाडू कमी आला तर स्वतःचा अर्धा मोडून द्यायचीस. ही तीच का तू?"

"तीच. हा घे, ऐक." कुमुदताईंनी फोन आतल्या दाराकडे धरला. पंत रियाज करत होते. षड्जावर आवाज ठेवून ते स्थिर उभे होते आणि आवाज हलत नव्हता. "ऐकलंस? तार सुटलेली राहिली तर दिवाळीपर्यंत हा आवाज नाही. मी तुला खोटं सांगत नाही. तुझं माणूस मरतंय, माझंही मरत होतं. तुझ्या हातात पाना आहे, ठरव."

"हे मला ठरवायला लावतेस?"

"मी माझं ठरवून बसले, सदा. आता तू." मग त्याच आवाजात, चहा घेतोस का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "वर एक जागा आहे. तुझ्यासाठी मागून ठेवलीय. पहिल्याच दिवशी मागितली होती."

फोनमधून पुन्हा तो खोकला आला.

"भिवाजीला घे," सदानंद म्हणाला.

"नात्यातला लागतो."

"नातं लाव काहीतरी. तू सेक्रेटरी आहेस."

"एकच जागा आहे. मी त्याच्यासाठी मागितलेली नाही."

"तो भावोजींच्या साथीला बसायचा गं."

"माहीत आहे मला, कोण कुठे बसायचं ते."

 सदानंदाने फोन कुठेतरी ठेवला असावा. मग कुमुदताईंना धातूवर धातू सरकल्याचा आवाज आला, आणि पान्याची करकर. एक वळसा, दुसरा, आणखी एक, अगदी शेवटचा, जोर लावून. उजळमाथ्यावर भोंगा थांबला.

"कधी येऊ?" सदानंदाने विचारलं.

दाराच्या कोठडीत मेळणीची दोरी धरायला कुमुदताई स्वतः गेल्या. सदानंद पलीकडे उभा होता. पोशाख दिसतच नव्हता. राखाडी लव असलेला एखादा प्राणी उभा असावा तसं ध्यान. त्याने दोरीचं टोक धरलं. दोघं एकमेकांकडे न बघता उभी राहिली. हळूहळू त्याच्या बाह्यांवरची धूळ सुटायला लागली, मग छातीवरची, मग झडझडून सगळीच. धुळीखालचा निळा पोशाख दिसला. त्याला हलकं वाटलं, तसं तो नंतर म्हणालाही. त्याच्या अंगावरचा जास्तीचा ऋण प्रभार दोरीतून घुमटात गेला, घुमटातून उपसायंत्रात, आणि तिथून, त्यानेच आवळलेल्या तारेतून, सावळतळाला परत.

"ये," कुमुदताई म्हणाल्या. "पोहे केलेत."

सदानंदाने पोहे खाल्ले. दुसऱ्यांदाही घेतले. पोह्यांत काही करकरलं नाही, तेव्हा तो घास तोंडात ठेवून क्षणभर थांबला, मग चावायला लागला.

पहिले काही दिवस तो खाली फोन करायचा. भिवाजी बोलायचा, धाप टाकत. "वर कसं आहे रे? आम्हाला पण बोलावशील ना? पंतांना सांग, हात शिवशिवतात म्हणावं." हे निरोप सदानंदाने पंतांना दिले नाहीत. मग फोन आठवड्याने झाला, मग झालाच नाही. खालच्यांना त्याने तारेचं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं तर सगळं कळल्यावरही तार त्यानेच पुन्हा आवळली हेही सांगावं लागलं असतं, आणि का, हेही.

पुढच्या वार्षिक सभेत नव्या विंगचा विषय निघाला. घुमट वाढवायचा तर प्रभारही वाढवायला हवा. एवढा भार तार घेईल का, अशी शंका पोंक्ष्यांनी काढली. शंका खरं तर तारेविषयी नव्हती. या वर्षभरात त्यांची झोप उडाली होती आणि कोणीतरी नाही म्हणावं अशी त्यांची इच्छा होती.

मागच्या रांगेतून सदानंद उठला. वेफर्सची बशी शेजारच्याच्या हातात दिली. "ही तार नाही पुरायची," तो म्हणाला. "जाड घ्यावी लागेल. सांगाड्यावर आणखी दोन पकडी लावता येतात. कुठे, ते मला माहीत आहे."

कुमुदताईंनी मान वर करून पाहिलं. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. हल्ली दोघं एकाच घुमटात राहत, पण ती या टोकाला तर तो त्या टोकाला. समोरासमोर येण्याची वेळ आलीच तर दोघांपैकी एकजण आपोआप बाजूला सरे. आधी तो विवराच्या तळातून फक्त तिला भेटायला तासाचा चढ चढून यायचा.

"धन्यवाद, सदानंदराव," चेअरमन म्हणाले. "हात वर करा बघू."

हात वर झाले. कुमुदताईंनी मोजले. आपला धरून.

आता कोणी काय भरलं ते पाहू. उजळमाथ्याचं काहीच गेलं नाही. उलट खिडक्या खरवडायची पाळी वाचली. दामल्यांचं काही गेलं नाही. पोंक्ष्यांची झोप गेली, पण त्यावर गोळ्या मिळतात. सदानंदाचं काय गेलं ते त्याने कोणाला सांगितलं नाही, आणि बशीतले वेफर्स मात्र संपवले. पंतांना श्वास मिळाला. गुरुवारी ते एकटेच गायला बसतात. तान अगदी शेवटपर्यंत जाते, समेवर येते, आणि तिथे थाप पडत नाही म्हणून ते डोळे उघडून बघतात. मग कुमुदताई सांगतात, कामं असतात त्यांना.

बाकी सगळं भरलं ते सावळतळाने. भिवाजी गुरव नवी तार पोचायच्या आधीच गेला. त्याच्यामागून सहा जण गेले. त्यांच्या जागी पृथ्वीवरून नवी माणसं आली, त्यांनाही आता खोकला आहे. पाळीवरून आल्यावर ती एकमेकांचे पोशाख झाडतात आणि म्हणतात, खाण जुनी झाली.